सुपारीचं ऊन

आमच्या बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाला लागून एक लाकडी पेटी आहे. ४ फूट लांब, २ फूट रुंद, वरून उघडी. तिच्या डाव्या टोकाला एका सपाट दगडावर या क्षणी ३४ अंश सेल्सिअस तापमान आहे आणि उजव्या टोकाला, मातीच्या अर्ध्या कुंडीखाली, २० अंश. बाहेर नॉटिंगहॅममध्ये डिसेंबरची दुपार चालू आहे. अजून ४ वाजायचेत, पण रस्त्यावरचे दिवे लागलेत आणि गाड्यांच्या काचांवर हिम धरू लागलंय. पेटीतला दिवस मात्र रात्री ८ वाजता मावळेल, टायमरच्या बारीकशा ‘टक्’ आवाजाबरोबर.

या पेटीत सुपारी राहते. हर्मन जातीच्या, मूळच्या भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांतल्या, जमिनीवर राहणाऱ्या कासवाचं पिल्लू. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा हे पिल्लू जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटर लांबीचं असतं. आमच्याकडे आली तेव्हा ती त्याहून थोडी मोठी होती, तरी लेकीच्या तळव्यावर ठेवली तर पूजेच्या तबकातल्या सुपारीसारखी दिसली आणि नाव तिथेच पडलं. ‘ती’ म्हणतो खरं, पण नर की मादी हे खात्रीने कळायला अजून काही वर्षं जावी लागतील. या कासवांमध्ये ते अंड्याला मिळालेल्या उबेवर ठरतं. साधारण साडेएकतीस अंशांच्या खाली राहिलेल्या अंड्यांतून जास्त करून नर निघतात, त्याच्या वर गेलेल्यांतून माद्या. म्हणजे अंड्यात असल्यापासून हा जीव उन्हाच्या हिशेबाने घडत असतो. पेटी बांधताना मी हीच गोष्ट धरून चालले होते.

हे वाचून पुण्या-मुंबईत कुणाच्या मनात आलं, की आपणही एक आणावं, तर आधीच हात जोडून सांगते, आणू नका. आपल्याकडे चोरट्या बाजारात ज्याला सगळ्यात जास्त मागणी असते ते पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. ते पाळणं गुन्हा आहे, मग ते कुणी ‘घरात लक्ष्मी येते’ म्हणून भेट दिलेलं का असेना. २०१९ मध्ये तर वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या सगळ्यात कडक परिशिष्टात त्याचा समावेश झाला. इंग्लंडमध्ये हर्मन कासव पाळता येतं, पण तेही बंदिवासात जन्मलेलं हवं, त्याच्याबरोबर सरकारी प्रमाणपत्र हवं आणि पोटाकडची ढाल ६० मिलिमीटरची झाली की कातडीखाली मायक्रोचिप बसवून घ्यावी लागते. सुपारीचं प्रमाणपत्र आमच्या पासपोर्टांच्या फाइलमध्येच ठेवलंय.

एवढे कडक नियम का झाले, हे मला आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका वृद्ध बाईंमुळे समजलं. त्यांच्याकडे त्यांच्या लहानपणापासूनचं एक कासव आहे, वडिलांनी बाजारातून आणलेलं. त्या काळी भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून इथे कासवं खोकी भरभरून यायची आणि दुकानात ढिगाने विकली जायची. बागेतून निघून जाऊ नयेत म्हणून कवचाच्या कडेला गिरमिटाने भोक पाडून त्यात दोरी ओवायची पद्धत होती. लोकांना वाटायचं, कवच म्हणजे नखासारखं काहीतरी, त्याला काय दुखणार! प्रत्यक्षात ते जिवंत हाड आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच जुळलेल्या असतात, वरून फक्त शिंगासारखा पातळ थर. हलकेच बोट फिरवलं तरी कासवाला ते कळतं. त्या बाईंच्या कासवाच्या मागच्या कडेला ते भोक अजून आहे. पेन्सिल जाईल एवढं, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. मी त्यावरून बोट फिरवलं तर त्याने मागचा पाय आत ओढून घेतला.

ही आयात युरोपात १९८४ मध्ये बंद झाली. तोवर आलेल्या कासवांपैकी फार मोठी संख्या पहिला-दुसरा हिवाळाही ओलांडू शकली नव्हती. त्यांना मारावं असं कुणाच्याच मनात नव्हतं. लोकांनी त्यांना लेट्यूस दिलं, गवताच्या पेंढीत निजवलं, मुलांनी त्यांना नावं दिली. पण ज्या उन्हावर आणि ज्या मातीवर त्यांचं शरीर चालत होतं ते ऊन आणि ती माती या देशात नाही आणि कुणी ती तयार करायला गेलं नाही. माया होती, हवामान नव्हतं. घरात कासवाचं पिल्लू आणणाऱ्या प्रत्येकाने या बाजूने विचार सुरू करावा असं मला फार मनापासून वाटतं.

पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात मला ‘सुरुवातीचा संच’ म्हणून माशांच्या टाकीसारखी काचेची पेटी दाखवली होती. खाली लाकडाचा भुसा, वर झाकणाला चिकटवलेला एकच लहान बल्ब. दिसायला देखणी होती आणि लेक तिच्यासमोरून हलायला तयार नव्हती. पण अशा पेटीत दोन अडचणी असतात. एक म्हणजे काच कासवाला कळत नाही. पलीकडचं दिसतंय आणि जाता मात्र येत नाही, म्हणून ते दिवसभर काचेला नाक लावून चालत राहतं. दुसरी जास्त मोठी. लहान बंदिस्त जागेत सगळीकडे सारखीच उष्णता साठते. पिल्लाला तापायचं असतं तसंच निवायचंही असतं, आणि दोन्ही त्याला स्वतः चालत जाऊन करता आलं पाहिजे. त्याच्या अंगात आपल्यासारखी भट्टी नाही. शरीराचं तापमान सांभाळण्याचा त्याच्याकडे एकच मार्ग आहे, जागा बदलणं. म्हणून पेटी लांब हवी, एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला सावली, आणि मधल्या प्रत्येक वितीवर थोडं थोडं वेगळं. काही जाणते लोक अगदी लहान पिल्लांना ओलावा टिकावा म्हणून बंद पेटीत ठेवतात, आणि त्यांच्याकडची पिल्लं छान वाढलेली मी पाहिली आहेत. पण ते रोजच्या मोजमापाला सरावलेले लोक. घरातल्या माणसाने उघडी लाकडी पेटीच घ्यावी, भिंती निदान फूटभर उंच. फूटभर अशासाठी, की ही पिल्लं कोपऱ्यात दोन भिंतींना पंजे लावून अशी काही चढतात की पाहणाऱ्याचा विश्वास बसू नये.

ऊन तयार करणं हा या कामाचा गाभा. त्यात ऊब आणि किरण अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऊब सोपी. डाव्या टोकावर साखळीने टांगलेला हॅलोजनचा बल्ब, पसरट झोताचा, बरोबर खाली सपाट दगड. होल्डर चिनी मातीचा, कारण दिवसाचे १२ तास चालणाऱ्या या बल्बच्या उष्णतेने प्लास्टिकचा होल्डर वितळतो. साखळीही नीट हुकात अडकवलेली हवी. चिमट्याने कडेला लावलेला दिवा एक दिवस मातीत पडतो आणि घर पेटतं. दगडावरचं तापमान ३२ ते ३५ अंशांत बसेपर्यंत साखळीची एकेक कडी वर-खाली करायची. कोविडच्या दिवसांत दारोदार कपाळावर रोखला जायचा तसला इन्फ्रारेड थर्मामीटर इथे फार उपयोगी पडतो, कारण हवा किती तापली यापेक्षा कासवाची पाठ जिथे असणार तिथे किती ऊन पोचतं हे महत्त्वाचं. पोटाखाली तापणारी विजेची गादी अजिबात घालू नये. ऊन वरून येतं एवढंच या जिवाला जन्मजात ठाऊक आहे. फार तापलं की ते सुटकेसाठी खाली खणतं, आणि खालीच गादी असेल तर ते अधिकाधिक उष्णतेत जातं.

रात्री सगळं बंद. खोली १५-१६ अंशांवर आली तरी चालतं, उलट ते बरंच. त्यांच्या डोंगरांवरही रात्री गारवा उतरतोच. दुकानांतून रात्रीसाठी लाल बल्ब विकतात, पण कासवाला लाल रंग दिसतो, त्याला काळोख मिळू द्यावा.

किरणांची गोष्ट जास्त खोल आहे. उन्हातल्या अतिनील किरणांचा एक पट्टा, यूव्हीबी, कातडीवर पडला की तिथे ड जीवनसत्त्व तयार व्हायला सुरुवात होते. ते नसेल तर खाण्यातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जात नाही. कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते हाडांतून काढून घेतं. कासवाच्या पिल्लाचं तर घरच हाडांचं. कवच मऊ पडतं, बोटाने दाबलं तर दबतं, पाय अंग उचलेनासे होतात. हे सगळं खिडकीजवळ ठेवलेल्या, भरपूर उजेडात असलेल्या पिल्लालाही होतं, कारण खिडकीची काच उजेड आत सोडते पण यूव्हीबी अडवते. आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर दर वेळी म्हणायची, “अगं, खिडकीतल्या उन्हात सोड की त्याला, एवढं दिवे कशाला जाळतेस?” तिला हे समजावून सांगताना मलाच ते नीट उमगत गेलं.

म्हणून बल्बच्या शेजारी एक लांब ट्यूब आहे, टी-५ जातीची, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मुद्दाम बनवलेली. ती दगडापासून साधारण फूट-सव्वा फूट उंचीवर असते आणि पेटीच्या डाव्या अर्ध्या भागावरच पडते. उजवा अर्धा भाग तिच्यापासून मोकळा ठेवलाय, सूर्यापासून आडोसा मिळतो तसा. या ट्यूबमध्ये आणि सुपारीमध्ये काच नको, प्लास्टिकचं झाकण नको. आणि वर्ष झालं की ती बदलायची, दिसायला लख्ख पेटत असली तरी. उजेड तेवढाच राहतो, यूव्हीबी मात्र हळूहळू विरत जातं, आणि ते विरलेलं आपल्या डोळ्यांना दिसत नाही. आमच्या ट्यूबच्या टोकाला बसवल्याची तारीख मार्करने लिहिलेली आहे.

या देशात ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सूर्य इतका खाली असतो की माणसाच्या कातडीलाही ड जीवनसत्त्व बनवता येत नाही. इथली सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांनाच हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायला सुचवते, आणि आमच्यासारख्या सावळ्या-काळ्या वर्णाच्या लोकांना वर्षभर. सांगलीत ऊन टाळण्यात माझं लहानपण गेलं. डोक्यावर ओढणी, सावलीच्या बाजूने चालणं, दुपारी खिडक्यांना ओले पडदे. इकडे आल्यावर काही वर्षांनी गुडघे आणि पाठ दुखू लागली तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि जी कमतरता सांगितली ती उन्हाची होती. सांगली साधारण १७ अक्षांशावर, हर्मन कासवांचे डोंगर ४० च्या आसपास, नॉटिंगहॅम ५३ वर. सुपारी इंग्लंडमध्येच, उबवणीच्या यंत्रात जन्मली. तिच्या आईबापांनीही कधी ग्रीस पाहिलं नसेल. माझी लेकही इथल्याच दवाखान्यात जन्मली. पण शरीराला हे कोण सांगणार? ते आपल्या पूर्वजांच्या उन्हाची वाट बघत बसतं. सकाळी आम्ही मायलेकी आपापली गोळी घेतो त्याच सुमाराला पेटीतली ट्यूब लागते, आणि त्या तिन्ही गोष्टी मला एकाच कामाचा भाग वाटतात.

आता माती. इथे मला थोडं जास्त बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि ते कायमचं होतं. ‘भूमध्य समुद्राकडचं कासव, म्हणजे त्याला कोरडं हवं’ असं वर्षानुवर्षं धरून चालले लोक. पिल्लं कोरड्या भुशावर, तापलेल्या दिव्याखाली वाढायची आणि त्यांच्या पाठीवरची प्रत्येक चकती टेकडीसारखी वर यायची. याला पिरॅमिडिंग म्हणतात. बराच काळ त्याचा दोष प्रथिनांच्या खुराकावर टाकला जात होता. २००३ मध्ये व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या सुल्काटा कासवांच्या पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या दमटपणात आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर पिल्लं वाढवली, तर पाठीच्या उंचवट्यांवर खुराकापेक्षा हवेतल्या ओलाव्याचा परिणाम कितीतरी जास्त दिसला. जाणते पाळणारे हे आधीपासून सांगत होतेच. रानातली पिल्लं उघड्यावर फिरतच नाहीत. कोल्हे, बिज्जू, उंदीर, कावळे सगळे टपलेले असतात. ती झुडपांच्या बुंध्यात, गवताच्या मुळाशी, जमिनीच्या भेगांत दडून राहतात. वर डोंगर करपलेला दिसला तरी त्या भेगेत सावली असते, ओल असते. त्या दोन इंचांच्या भेगेचं हवामान घरात आणायचं असतं.

आमच्या पेटीत बागेतली खत न घातलेली माती आणि मुलांच्या खेळायची धुतलेली रेती असं मिश्रण आहे, चारेक इंच खोल. मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं तर फुटावा, इतपत ओलं. वरचा थर दिव्याने सुकतो, खालचा ओला राहतो. पाणी वरून शिंपडण्यापेक्षा कडेने ओतावं, म्हणजे ते खाली मुरतं. सावलीच्या टोकाला अर्धी कापलेली मातीची कुंडी पालथी घातली आहे आणि तिच्याखाली ओलं शेवाळ. सुपारीचा निम्म्याहून जास्त दिवस तिथे जातो. नवीन पाळणाऱ्यांना वाटतं, पिल्लू आजारी आहे म्हणून लपतंय. त्या वयाचं पिल्लू लपतं तेव्हा ते नीट वागत असतं. लपायला जागाच नसलेलं पिल्लू सतत घाबरलेलं असतं आणि घाबरलेलं पिल्लू खात नाही.

पाठीवरच्या चकत्यांच्या मध्ये, जिथे दोन चकत्या भेटतात, तिथे हल्ली एक फिकट पिवळसर रेघ दिसते, दोऱ्याएवढी बारीक. ती नवी वाढ. बॅटरीचा उजेड तिरका टाकून मी ती बघत असते, सपाट आहे की कडेला उचललेली. पहिल्या दोन-चार वर्षांत कवचाला जो आकार येतो तो पुढे आयुष्यभर तसाच राहतो, आणि या कासवाचं आयुष्य ५० वर्षांहूनही मोठं असतं. आपण त्याला कसं वाढवलं हे ते पाठीवर घेऊन फिरणार.

सकाळी ८ वाजता दिवा लागतो. दहा-पंधरा मिनिटं काहीच होत नाही. मग कुंडीजवळची माती किंचित हलते, तिला भेग पडते आणि त्यातून नाक येतं. नाकाला मातीचा कण चिकटलेला. डोळे अजून अर्धे मिटलेले. पुढचे पाय फावड्यासारखे चपटे असतात, त्यांनी ती स्वतःला उपसून काढते आणि थेट दगडाकडे निघते, न वळता. दगडावर चढली की मान लांब करते, चारी पाय बाहेर फेकते आणि अक्षरशः सपाट पसरते, कातडीचा जेवढा भाग उन्हाला देता येईल तेवढा देते. पापण्या मिटतात. ती अशी पसरली की आमच्या घरात आपोआपच हळू बोललं जातं. अर्ध्या तासाने ती उठते तेव्हा वेगळंच जनावर असतं, भराभर चालणारं, भुकेलं.

खायला रानपाला. डँडेलियनची पानं, चिकवीड, आणि इसबगोलाच्या जातीचं प्लँटेन, जे इथे प्रत्येक फुटपाथच्या भेगेत उगवतं. कुंडीत वाढवलेल्या जास्वंदीचं पान मिळालं तर सुपारी बाकी सगळं सोडते. फळं नाहीत, साखरेने त्यांचं पोट बिघडतं. काकडी-टोमॅटोही नाही, यावर आईशी माझं एकमत व्हायचं आहे. पानांवर कॅल्शियमची चिमूटभर पूड, आणि कोपऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा, आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तोच. त्याच्या कडेवर तिच्या चोचीचे अर्धचंद्र उमटलेत. पाणी कुंडीखाली ठेवतात तसल्या उथळ बशीत, तिच्या हनुवटीपर्यंत. शिवाय एक दिवसाआड कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसवते. मान खाली घालून ती पिते तेव्हा गळा लयीत हलतो, आणि कधी कधी पाण्यात खडूच्या पातळ लगद्यासारखं पांढरं काही सोडते. ती घाण समजून घाबरायचं कारण नाही, लघवीतलं ते नेहमीचं असतं. रेतीसारखं कडक आलं तर मात्र पाणी कमी पडतंय. बशी असो, दगड असो, पेटीत घसरडं किंवा उभ्या कडेचं काही ठेवू नये. पिल्लू उलटं पडलं आणि दिव्याखाली तसंच राहिलं तर जीव जाऊ शकतो.

एकटीला करमत नसेल, जोडीला अजून एक आणा, असं बरेच जण सुचवतात. या कासवांना सोबत लागत नाही. दोघांत एक दुसऱ्याला दगडावरून ढकलतं, त्याचं खाणं अडवतं, आणि दबलेलं पिल्लू कोपऱ्यात खुरटत जातं. ते गप्प असतं म्हणून कुणाला कळतही नाही.

आईला आधी हे सगळंच पटत नव्हतं. कासव देवळात असतं, गाभाऱ्यासमोर, दगडाचं. त्याला नमस्कार करून आत जायचं. घरात त्याला दिवे लावून कोण ठेवतं? मग एक दिवस ती नातीला म्हणाली, “कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, जवळ घेत नाही. लांबून नुसती बघते आणि त्या नजरेनं पिल्लं वाढतात.” लेकीने लगेच माझ्याकडे पाहिलं, कारण वेळासला तिने उलटं पाहिलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या गावाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवं अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन ती घरटी राखली आणि आता पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक लांबून येतात. आम्ही गेलो तेव्हा टोपलीखालून निघालेली पिल्लं ओल्या वाळूवरून लाटांकडे धावत होती. त्यांची आई अंडी घालून त्याच रात्री परत गेलेली असते, दीड-दोन महिने आधी. हर्मनची मादीही तशीच. मागच्या पायांनी खड्डा खणते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्लू वर येतं तेव्हा त्याच्याकडे पाहणारं कुणी नसतं.

तरी आईचं बोलणं मला खोडावंसं वाटलं नाही. रानात पिल्लाला वाढवायला ऊन आणि ओल पुरते. पेटीत त्या दोन्ही गोष्टी विजेवर आणि झारीवर चालतात आणि त्या चालू आहेत की नाहीत हे कुणीतरी बघावं लागतं. माझं बरंचसं काम बघण्याचंच आहे. डोळे स्वच्छ उघडतायत का, नाकातून बुडबुडा येतोय का, श्वासाला आवाज आहे का, चालताना पोट जमिनीपासून उचललेलं आहे का. रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, वहीत नोंद. हातात घेऊन कुरवाळण्याचा तिला काही उपयोग नाही. उचललं की तिच्या शरीराला पक्ष्याने उचलल्याचंच कळतं. लेकीला हे स्वीकारायला वेळ लागला. मांजराच्या पिल्लासारखं छातीशी धरायची तिची फार इच्छा होती. आता ती पेटीशी स्टूल घेऊन बसते, हनुवटी कडेवर टेकून, आणि मला न दिसलेल्या गोष्टी सांगते. सुपारी दगडाच्या डाव्या बाजूनेच चढते हे तिने शोधलं, आणि उजव्या बाजूला माती जरा खचलीय हे आम्हाला त्यावरून कळलं. ती भरून काढली. हात मात्र दोघी साबणाने धुतो, दर वेळी. कासवांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो आणि लहान मुलांना तो भोवतो.

हिवाळी झोपेबद्दल लोक विचारतात. मोठी, निरोगी हर्मन कासवं हिवाळ्यात काही आठवडे साधारण ५ अंशांवर झोपतात, आणि इथले पाळणारे त्यासाठी वेगळा फ्रिज ठेवतात, दार रोज थोडं उघडून हवा देत. पिल्लांनाही थोड्या आठवड्यांची झोप देणारे आहेत. कासवांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला दाखवल्याशिवाय ते करायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. या वर्षी सुपारी जागीच राहील.

खर्चाचं म्हणाल तर पिल्लापेक्षा पेटी, दिवे आणि वीज यांवर जास्त जातो. ज्याला ते परवडणार नाही त्याने पिल्लू आणू नये, एवढं मी कुणालाही तोंडावर सांगेन. आणि हे जनावर बहुधा माझ्यामागे राहणार आहे, तेव्हा लेकीला विचारूनच आणलंय. ती नऊ वर्षांची आहे. तिने वहीत लिहून दिलंय, की शिकायला बाहेरगावी गेली तर पेटी बरोबर नेईल. मी ते पान प्रमाणपत्राच्या मागे लावलंय.

आता डोळे मे महिन्याकडे. ऊबदार दिवसांत काही तास तरी तिला खऱ्या उन्हात न्यायचं, कारण कुठलीही ट्यूब त्याची पुरती बरोबरी करत नाही. बागेचा दक्षिणेकडचा कोपरा निवडलाय. कुंपणाच्या फळ्या जमिनीत वीतभर गाडायच्या, म्हणजे खालून खणून जाता येणार नाही, आणि वरून जाळी, कारण इथले मॅगपाय पक्षी अशा पिल्लांना चोचीने उलटवतात. एका बाजूला झुडूप, सावलीसाठी. त्या कोपऱ्यात आधीच्या घरमालकांनी लावलेले डॅफोडिलचे कांदे आहेत. ते विषारी असतात, तेव्हा जमीन गोठायच्या आत या आठवड्यातच उकरून काढायचे आणि तिथे प्लँटेन आणि क्लोव्हरचं बी टाकायला जागा मोकळी करायची. लेकीने फावडं दाराशी आणून ठेवलंय.